वर की खाली

१

साबण लावताना माणूस डोळे मिटतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आमचे बाबा डोळे मिटायचे आणि बेसिनसमोर आडवे व्हायचे. पहिल्यांदा पडले तेव्हा आई म्हणाली, उपाशीपोटी दाढी करायला कोणी सांगितलं होतं, चक्कर आली असेल. पुन्हा पडले तेव्हा माझा धाकटा भाऊ सिद्धेश म्हणाला, टाइल्स निसरड्या आहेत, बदलूया. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलुंडच्या एका क्लिनिकमध्ये दिवसभर परक्यांचे गुडघे वाकवते. मी बाबांना हॉलच्या मधोमध उभं केलं, पाय जुळवून घेतले आणि म्हटलं, आता डोळे मिटा. ते सरळ एका बाजूला कलले. मी तयारीत होते म्हणून धरलं.

आपला पाय कुठे आहे हे आपल्याला न बघता कळतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. बाबांना मी सोप्या भाषेत सांगितलं. प्रत्येक स्नायूत बारीक बारीक धागे असतात, पायजम्याच्या इलॅस्टिकसारखे. स्नायू ताणला की तेही ताणतात आणि वर मेंदूला कळवतात, गुडघा वाकला, घोटा वळला. कातडीतले वेगळे. काहींना दाब कळतो, काहींना नुसती फुंकरसुद्धा कळते. हे सगळं जाड नसांमधून, पाठीच्या कण्यातून वर जातं. तुमच्या त्या नसांची शुगरने आणि बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेने मिळून वाट लावली आहे. पाय आहेत तिथेच आहेत, फक्त वर कळवत नाहीत. तुम्ही डोळ्यांनी बघून चालता. डोळे मिटले की तुमच्यापुरते पाय संपले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. आधी कापडगिरणीत मागासमोर, गिरणी बंद पडल्यावर पार्ल्याला बिस्किटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर, असा जन्मभर उभं राहून कमावलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आता बसान रवाचा?"

मी म्हटलं, अजिबात नाही. रोज व्यायाम करायचा. खुर्चीत बसायचं, पाय समोरच्या स्टुलावर, डोळे मिटायचे. मी तुमच्या पायाचा अंगठा धरून वर नेणार नाहीतर खाली नेणार. कुठे गेला ते तुम्ही सांगायचं. वर की खाली, बस. नसांना परत बोलायला शिकवायचं.

यात एक गोम आहे. अंगठा दोन्ही बाजूंनी धरायचा, डावीकडून आणि उजवीकडून. वरून-खालून धरला तर कातडीला बोटाचा दाब कळतो आणि पेशंट त्यावरून ओळखतो, अंगठा कुठे गेला ते त्याला खरं कळलेलंच नसतं. कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं हमखास ही चूक करतात. आईसुद्धा करायची. सकाळी मी क्लिनिकला गेले की व्यायाम तीच करून घ्यायची आणि भेंडीचं टोक मोडून बघावं तसा अंगठा चिमटीत धरायची, वरून आणि खालून. मी एकदा बघितलं आणि चिडले. मी पटकन चिडते, माझे पेशंटही हे सांगतील. म्हटलं, आई, बाजूने धर गं, अशाने ते चोरून उत्तर देणार. आई म्हणाली, बरं बाई जानू, तू शिकलेली.

मग आई गेली. नाहूर स्टेशनबाहेर भाजी घेत होती, पिशवी खाली ठेवली आणि स्वतःही खाली बसली, ती उठलीच नाही. त्यावर मला जास्त बोलता येत नाही. नाहूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात मी आणि बाबा उरलो. माझं एकच मागणं होतं, देवाकडे म्हणा नाहीतर कोणाकडेही. एक माणूस गेलं, आता हे जायला नको. बाबांना मी त्यांच्या पायांवर उभं करणार.

बाबांची एक खोड सांगायला हवी. पहिल्या हाकेला ते कधी ओ देत नाहीत. मालवणकडची त्यांच्या घरची शिस्त. हाक कोणाची ते ठाऊक नसतं, म्हणून दुसऱ्यांदा येईपर्यंत गप राहायचं. आई ताट वाढून हाक मारायची आणि हे आतल्या खोलीत दुसऱ्या हाकेची वाट बघत बसायचे. आई वैतागायची, आम्ही हसायचो. व्यायामात मात्र मी ती खोड मोडून काढली. इथे हाक नाही, प्रश्न नाही. अंगठा हलला की लगेच बोलायचं, विचार करायचा नाही. बाबा ते व्यवस्थित शिकले.

२

क्लिनिक दुपारी बंद असतं. मी रिक्षाने घरी यायचे, आम्ही जेवायचो, मग व्यायाम. सोसायटीत रंगकाम काढलं होतं आणि जिन्याचे गंजलेले कठडे कापून नवे बसवत होते, त्यामुळे दुपारभर कटरची किरकिर चालायची. आई गेल्यापासून बाबांची निम्मी उत्तरं चुकायची. वर आणि खाली यातलं निम्मं तर अंदाजानेही बरोबर येतं. म्हणजे कळत काहीच नव्हतं.

त्या दिवशी मधेच फोन वाजला. मी अंगठा सोडला, उठले आणि टेबलावरचा फोन घेतला. क्लिनिकमधून होता, कोणाची तरी वेळ बदलायची होती. मी बोलत होते आणि मागून बाबांचा आवाज येत होता. वर. जरा थांबून, खाली. परत खाली.

मला वाटलं चेष्टा करताहेत. तशी चेष्टा आई असताना ते करायचे, नंतर त्यांनी सोडून दिली होती, त्यामुळे मला जरा बरंच वाटलं. फोन ठेवला आणि म्हटलं, बाबा, मी कधीच सोडलाय.

ते डोळे मिटूनच म्हणाले, "मग धरल्यान कोणी?"

मी वळून बघितलं. डाव्या पायाचा अंगठा खाली वाकलेला होता, बाकीची बोटं सरळ. बघता बघता तो सावकाश उठला आणि मागे गेला. बाबा म्हणाले, वर. उत्तर बरोबर होतं.

मी आधी कारण शोधलं, धंदाच आहे माझा. खराब झालेली नस कधी कधी आपली आपण ठिणग्या मारते, स्नायू उडतो, पेशंटला वाटतं कोणी हात लावला. असे पेशंट मी पाहिलेत. पण उडणारा स्नायू उडतो. हा अंगठा सावकाश गेला होता, शेवटी क्षणभर थांबला होता आणि सावकाश परत आला होता, कोणीतरी उत्तराची वाट बघावी तसा. मी नेते तसाच.

मग मी पाय हातात घेतला. बाबांच्या पायांना सूज असते, बोट दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या बोटांचे खळगे होते, अर्धे भरत आलेले. त्याशिवाय अंगठ्याच्या वर एक होता आणि खाली एक. ते ताजे होते.

३

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. भीतीने नाही. आई गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आमच्या घरात चुकीचं धरणारं माणूस एकच होतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी मी बाबांना खुर्चीत बसवलं, स्टूल सरकवलं, डोळे मिटायला सांगितले आणि स्वतः जेवण गरम करायला आत आले. आमटीला कढ येईपर्यंत बाहेर सुरू झालं. वर, खाली, खाली, वर. मी ओट्याशी उभी राहूनच जेवले. आई असताना माझ्या सुट्टीच्या दिवशी असंच असायचं, ती बाहेर बाबांशी आणि मी आत. मी जेवताना बाहेर बघत नव्हते. बघितलं तर थांबेल असं वाटायचं.

आणि बाबा सुधारले. मी उगाच बोलणारी बाई नाही, तपासून सांगते. आधी अंगठा, मग घोटा, मग गुडघा. डोळे मिटून उभे राहायला लागले. एका सकाळी त्यांनी तोंडभर साबण लावला, बेसिनला न धरता धुतला आणि टॉवेल हातात घेऊन माझ्याकडे बघून हसले. मी बाथरूमच्या दारात उभी होते, मलाही हसू आवरेना. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, बाबांना चालवून बघितलं आणि म्हणाले, रिपोर्ट होते तसेच आहेत, पण पेशंट झकास आहे, जे चाललंय ते चालू ठेवा.

रविवारी सिद्धेश आला. तो सांताक्रूझला राहतो, विमानतळावर कार्गोत आहे, डोकं ठिकाणावर असलेला माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तायडे, तू नीट झोपत नाहीस. दुपारी दाराला टेकून त्याने तो व्यायाम पाहिला. निघताना बूट घालायला खाली वाकला, आणि कोणाकडेही न बघता हळूच म्हणाला, "येतो गं आई." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

एक गोष्ट मी तेव्हा नजरेआड केली. एका संध्याकाळी बाबांच्या पायांना तेल लावताना पोटरीवर अख्ख्या पंजाचे खळगे दिसले. अंगठ्याचा खळगा नडगीपाशी होता, आणि चार बोटांचे मागून पोटरीला पूर्ण वळसा घालून परत नडगीपर्यंत आलेले. पोटरी सुजलेली. मी माझे दोन्ही पंजे लावून बघितले, तेव्हा कुठे जेमतेम पुरले. आईचा हात एवढासा, बांगडीवाला तिला लहान मुलींच्या खणातून बांगड्या काढून द्यायचा. सुजेत आकार पसरतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि तेलाच्या हाताने ते खळगे चोळून टाकले.

४

बाबा बंद टीव्हीसमोर बसले होते. मी चहा घेऊन मागे उभी राहिले आणि हाक मारली. ओ आली नाही, पहिल्या हाकेला यायची नसतेच. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते तसेच बसून राहिले. मी खांदा जरा दाबला. मग त्यांची नजर सहज बाजूला गेली, खांद्यावर हात दिसला आणि ते केवढ्याने तरी दचकले. म्हणाले, कधी आलीस, कळलंच नाही.

मी चहा खाली ठेवला. बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि क्लिनिकच्या बॅगेतून कापूस काढला. म्हटलं, कुठेही लागला की हो म्हणा. तळपायाला लावला, पोटरीला, मांडीला. मनगटाला. मानेला. बाबा शांत, वाट बघत बसलेले. खांदा, मान इथे त्यांना कधीच काही झालं नव्हतं. आजार पायापासून वर चढतो, पण महिनोन् महिने घेतो, असा काही आठवड्यांत गळ्यापर्यंत येत नाही. मी कापूस टाकला आणि बोटाने गालाला स्पर्श केला. मग अख्खा तळवा ठेवला. गाल गरम होता, दाढीचे खुंट हाताला टोचत होते.

माझा तळवा गालावर असताना बाबा म्हणाले, "सुरू कर गो."

मी तळवा तसाच ठेवला. तेवढ्यात त्यांचा उजवा हात खुर्चीवरून उचलला गेला. मनगटाशी कातडी आत दबलेली होती, वरून आणि खालून. हात खांद्याएवढा वर आला आणि थांबला.

बाबांनी सांगितलं, वर. त्यांचा चेहरा खूश होता, बरोबर उत्तर देणाऱ्या मुलासारखा.

तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर मी खरंच हादरले. बाबांना स्पर्श परत आला नव्हता. जे कोणी त्यांना धरत होतं त्याचा स्पर्श आला होता आणि आमचा गेला होता. जिथे जिथे ते हात लावत होतं तिथे तिथे बाबा त्याचे होत होते, आणि माझा हात त्यांच्या गालावर असून नसल्यासारखा होता. मी बापाला पायांवर उभं करत होते आणि तो माझ्याच हाताखालून चालला होता. आणि तरी मी मनात आईशी भांडत होते, की आई, असं का करतेस, मला एकटीला ठेवून यांना का नेतेस.

५

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला आणि बाबांसमोर बसले. त्यांना माझ्याकडे बघायला लावलं. म्हटलं, बाबा, आईला सांगा आता पुरे. तुमचं ऐकेल ती.

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"ती नाय ती," ते म्हणाले.

मी म्हटलं, असं कसं. वरून-खालून धरते. मी खळगे बघितलेत.

"तू एकदा तिका बोललंस ना, तेच्यानंतर ती बाजूनंच धरी. एक दिवस चुकली नाय. म्हणायची, जानू शिकलेली आसा, तिचा ऐकाक व्हया."

खाली कोणीतरी बाइक सुरू करत होतं, होत नव्हती. मी तेच ऐकत बसले. आईने माझं ऐकलं होतं, आणि मला ते ठाऊकच नव्हतं. शेवटी विचारलं, मग हे कोण आहे?

ते म्हणाले, ठाऊक नाही, पण हात तिचा नव्हे हे पहिल्याच दिवशी समजलं होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत इतके दिवस? त्यावर त्यांनी मान खाली घातली.

"पाय चलाक लागले. आणि तुझ्या तोंडार हसू इला. म्हणून गप रवलंय."

मला त्यांचा राग आला, माझा आला, आणि रडूही आलं. म्हटलं, सख्ख्या बायकोच्या पहिल्या हाकेला तुम्ही कधी ओ दिली नाहीत, आणि याला कशी दिलीत?

"हाक खंय मारल्यान?" बाबा म्हणाले. "नुसता धरल्यान. आणि धरल्यार लगेच सांगाचा, ह्या तूच शिकवलंस."

६

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकला सुट्टी टाकली. बाबांना मोजे घातले, बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या. बजावलं, डोळे मिटायचे नाहीत, आणि काही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. सकाळभर आम्ही ते पाळलं. बुटातले पाय मधूनच उचलले जायचे, तसेच राहायचे, आणि बाबा ओठ आवळून माझ्याकडे बघायचे. बऱ्याच वेळाने पाय खाली यायचा. मला वाटलं, कंटाळून जाईल.

पण जेवल्यावर म्हाताऱ्या माणसाचे डोळे लागतातच. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. कटरचा आवाज थांबला होता, कामगार जेवायला गेले असावेत. त्या शांततेत दाराची कडी सरकल्यासारखं वाटलं. मी हाक मारली. ओ नाही. दुसरी मारली, तरी ओ आली नाही, तेव्हा मी कपडे टाकून धावले.

दार उघडं होतं. उंबऱ्याशी बाबांचे बूट जोडीने ठेवलेले होते, नाड्या सोडलेल्या, मोजे आत घडी घालून. बाबांना स्वतःच्या नाड्या सोडता येत नाहीत.

ते जिना उतरत होते. अनवाणी, डोळे मिटलेले, हात कशालाही न धरता, तरण्या माणसासारखे. पाय उचलला जायचा आणि ते म्हणायचे, वर. पुढच्या पायरीवर टेकायचा, खाली. समोर जिन्याच्या वळणावर कठडा नव्हता. कापून नेला होता, नुसती एक दोरी बांधली होती, आणि दोरीपलीकडे खालपर्यंत मोकळं होतं. वळणावर त्यांना वळवत नव्हतं ते. सरळ नेत होतं.

मी त्यांना वळणाशी गाठलं आणि मागून कमरेला मिठी मारली. त्यांच्यासकट मी एक पाऊल पुढे ओढली गेले. त्यांना माझ्या मिठीचा पत्ताच नव्हता. मी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, बाबा, डोळे उघडा.

"उघडनत नाय," ते म्हणाले. "जानू, तू खंय आसस?"

मी मान वळवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. पापण्या मिटलेल्या नव्हत्या, मिटून धरलेल्या होत्या. प्रत्येक पापणीवर बोटाच्या टोकाएवढा खळगा होता, आणि मी बघत असताना डावा खळगा जरासा सरकला.

म्हटलं, बोलू नका बाबा, उत्तर देऊ नका. त्यांनी ऐकलं, ओठ मिटले. त्यांचा उजवा पाय उचलला गेला होता, दोरीच्या पलीकडे होता, आणि तसाच हवेत राहिला. अंगठा वर ताणलेला, नख पांढरं पडलेलं. ते वाट बघत होतं. बाबांचं सगळं वजन एका पायावर, तो पाय थरथरायला लागलेला, आणि मी माझ्या सगळ्या ताकदीने मागे ओढत होते तरी ते तसूभर मागे येत नव्हते. त्याला उत्तर हवं होतं. मिळेपर्यंत ते सोडणार नव्हतं, आणि बाबांचा पाय तेवढा वेळ टिकणार नव्हता.

मी एका हाताने त्यांचं मनगट धरून ठेवलं आणि पायरीवर बसले. चप्पल काढली. पाय पुढे केला आणि डोळे मिटले.

"इकडे," मी म्हटलं.

काहीच झालं नाही. बाबांचा श्वास ऐकू येत होता, आणि खालून डबे उघडल्याचे, हसल्याचे आवाज. मग माझ्या अंगठ्यावर दाब आला. वरून आणि खालून. थंड नव्हता, गरम नव्हता. सावकाश, अगदी नीट, अंगठा मागे नेला गेला आणि शेवटी थांबला.

मी शिकवलं होतं तसंच उत्तर दिलं, लगेच, विचार न करता.

"वर."

बाबा सबंध माझ्या अंगावर आले. आम्ही दोघं पायरीवर आदळलो, माझं डोकं भिंतीला लागलं. त्यांचे डोळे उघडे होते, घाबरलेले, लहान मुलासारखे. ते दुसऱ्या हाताने माझी बोटं सोडवायला बघत होते.

"हात सोड गो," ते म्हणाले. "केवढ्यान धरलंस. दुखता."

त्यांना दुखत होतं. माझा हात त्यांना दुखत होता. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी तिथेच, जिन्यात, त्यांना धरून हुंदके देऊन रडले.

७

बाबा आता काठी घेऊन चालतात, पायांकडे बघत. साबण लावताना एक हात बेसिनला असतो. सिद्धेश म्हणतो, एवढे सुधारले होते, परत कसे बिघडले, डॉक्टर बदलूया. बाबा त्याला काही सांगत नाहीत, मीही नाही. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला की ते वळून बघण्याआधीच माझं नाव घेतात. मला हेच हवं होतं.

मी क्लिनिकला जाते. माझ्या हाताखाली गुडघे वाकतात, किती वाकले ते मी बघून सांगते. पेशंट म्हणतात, मॅडम, आजकाल फार जोरात दाबता. रिक्षातून उतरताना पाय रस्त्यावर टेकला का हे मी आधी बघते, मग उतरते.

दुपारी मी खुर्चीत बसते, पाय स्टुलावर ठेवते, आणि बाबा माझ्याजवळ बसतात. डोळे उघडे ठेवते, तोंड बंद. तोंड बंद ठेवता येतं. अंगठा कुठे गेला हे कळणं काही बंद ठेवता येत नाही, आणि त्याला बहुतेक तेवढंही पुरतं. वाट बघण्यात ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

काल टीव्ही बंद केला तेव्हा काळ्या काचेत आम्ही दिसलो. मी खुर्चीत, आणि बाबा माझ्या मागे उभे. काठी भिंतीला टेकवलेली. त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते, आणि ते खांदे दाबत होते, सोडत होते, परत दाबत होते. कधीपासून, कोण जाणे. त्यांचा चेहरा ओला होता. मग त्यांनी मान खाली केली आणि माझ्या केसांवर गाल टेकवला. मी लहान असताना ताप आला की ते असंच करायचे.

ते मी काचेत बघितलं. कळलं फक्त स्टुलावरच्या पायाचं. वर, आणि मग खाली.